शाळेचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण ते चालतं कुणाच्या जिवावर?

"ओपन सोर्स म्हणजे फुकटच ना?" शाळेत कुठलंही नवीन सॉफ्टवेअर घ्यायची चर्चा निघाली की पहिल्या पाच मिनिटांत हा प्रश्न येतो, आणि समोरच्याने "हो" म्हटलं की सगळे खुश, बजेटमधली एक ओळ कमी झाली, चला पुढचा विषय घ्या. मी स्वतः अशा मीटिंगमध्ये "हो" म्हणणारा माणूस होतो, बरीच वर्षं. मग एकदा असं झालं की आम्ही ज्या प्लगिनवर, म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या तुकड्यावर, मुलांच्या सगळ्या टेस्ट घ्यायचो ते सर्व्हर अपडेट केल्यावर बंदच पडलं, आणि त्याच्या पानावर जाऊन बघतो तर बनवणाऱ्याने आठ महिन्यांपूर्वीच दोन ओळी लिहून ठेवलेल्या, की नोकरी बदलली आहे, आता वेळ मिळत नाही, कुणाला पुढे चालवायचं असेल तर खुशाल घ्या. संपलं. आता चिडायचं कुणावर? त्या माणसाला आम्ही एक पैसा दिला नव्हता, साधं थँक यू लिहिलं नव्हतं, आणि आमच्यासारख्या ज्या काही शाळा ते वापरत होत्या त्या सगळ्यांना वाटत होतं की कुणीतरी बघतंय.

तो "कुणीतरी" कोण असतो आणि त्याचं पोट कशावर चालतं, हे जरा नीट समजून घेऊ.

आधी बेसिक. प्रोग्राम लिहिणारा जे टाइप करतो तो सोर्स कोड. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये कंपनी तो स्वतःकडे ठेवते आणि आपल्याला फक्त चालणारी वस्तू देते. ओपन सोर्समध्ये कोड सगळ्यांसमोर उघडा असतो आणि त्याच्यासोबत एक लायसन्स असतं, ते सांगतं की वापरा, आत डोकावून बघा, बदला, दुसऱ्याला द्या. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला तिथपासून ही चळवळ धरतात, आणि इंग्रजीत फ्री या एकाच शब्दात मोफत आणि मुक्त असे दोन्ही अर्थ कोंबलेले असल्यामुळे त्या बिचाऱ्यांना जन्मभर खुलासे करत बसावं लागलं. आपल्याकडे फुकट आणि मुक्त हे दोन सरळ वेगळे शब्द आहेत, तरी आपण ऐकतो ते फुकटच.

आणि एक गोष्ट जवळपास कुणीच वाचत नाही. यातलं कुठलंही नेहमीचं लायसन्स उघडा, जीपीएल घ्या नाहीतर एमआयटी घ्या, त्यात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की हे सॉफ्टवेअर जसं आहे तसं दिलं आहे, कसलीही हमी नाही, बिघडलं तर आम्ही जबाबदार नाही. लबाडी वगैरे काही नाही त्यात, जो फुकट देतोय तो हमी कुठून देणार? पण याचा अर्थ बघा काय होतो. कोड तुमच्याकडे कायम राहील याचा शब्द तुम्हाला मिळालेला आहे. तो कोड उद्या दुरुस्त करायला माणूस राहील याचा शब्द कुणीच दिलेला नाही. शाळांचा सगळा घोळ या दोन गोष्टी एकच समजण्यात आहे.

यावर हमखास विचारलं जातं की एकदा बनलेलं सॉफ्टवेअर खराब कसं होईल, ते काय लोखंड आहे गंजायला? तर ते स्वतः बदलत नाही पण त्याच्या खालची जमीन सरकत असते. ब्राउझर बदलतो, फोनची नवी आवृत्ती येते, ज्या भाषेत ते लिहिलंय तिची जुनी आवृत्ती बंद होते. स्क्रॅचचं उदाहरण घ्या, तेच ते रंगीत ठोकळे जोडून मुलांना प्रोग्रामिंग शिकवणारं, एमआयटी मीडिया लॅबमधून २००७ मध्ये आलेलं. त्याची दुसरी आवृत्ती फ्लॅश या अडोबी कंपनीच्या तंत्रावर बनलेली होती. २०१७ मध्ये अडोबीने सांगून टाकलं की २०२० संपताना फ्लॅश बंद, झालं, आता स्क्रॅचमध्ये एकही चूक नसली तरी ते मरणारच होतं. त्यांनी ते मुळापासून नव्याने लिहिलं आणि जानेवारी २०१९ मध्ये तिसरी आवृत्ती काढली. मुलांना दिसायला बरंचसं तेच मांजर आणि तेच ठोकळे, पण मागे केवढं काम! आणि स्क्रॅचकडे ते करायला मोठे देणगीदार होते, विद्यापीठ होतं, गूगलचे लोक सोबत होते. शुगर नावाचं लहान मुलांसाठीचं वातावरण होतं, स्वस्त लॅपटॉपच्या प्रकल्पासाठी बनवलेलं, ते पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत लिहिलेलं आणि ती भाषा-आवृत्ती १ जानेवारी २०२० ला निवृत्त झाली. तिथे हेच सगळं काम मुख्यतः स्वयंसेवकांनी करत आणलं, एक एक खेळ, एक एक ॲक्टिव्हिटी नव्या पायथनवर आणत.

म्हणजे जागेवर उभं राहायचं तरी पळावं लागतं. आणि या पळण्याला पैसे कुणी देत नाही, कारण त्यात नवीन दिसण्यासारखं काहीच नसतं. कॉम्प्युटर लॅबची फीत कापता येते, फोटो येतो, बगफिक्सची फीत कापलेली मी तरी बघितलेली नाही.

हे दुखणं फक्त शाळांचं नाही हेही सांगायला हवं. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड नावाची भयंकर चूक सापडली, तेव्हा जगाला कळलं की इंटरनेटवरच्या प्रचंड मोठ्या भागाची कुलुपं ज्या सॉफ्टवेअरवर आहेत त्याला वर्षाला साधारण २००० डॉलर देणग्या यायच्या आणि पूर्ण वेळ काम करणारा जेमतेम एक माणूस होता. बँका वापरत होत्या, सरकारं वापरत होती, मोठ्या कंपन्या वापरत होत्या. त्यानंतर धावाधाव झाली, निधी उभे राहिले. मग २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचं प्रकरण, तिथे तर दमून गेलेल्या एकट्या मेंटेनरला, म्हणजे ते सांभाळणाऱ्याला, कुणीतरी "मी मदत करतो" म्हणत दोन-अडीच वर्षं विश्वास कमावला आणि मग आत चोरदरवाजा ठेवून दिला. तो सापडला तो योगायोगाने, मायक्रोसॉफ्टमधल्या एका इंजिनिअरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून! अर्धा सेकंद. मेंटेनर दमला की नुसतं काम थांबतं असं नाही, त्या रिकाम्या जागेत कोण येऊन बसेल सांगता येत नाही.

आता पैसे येतात कुठून ते बघू. याचे बरेच प्रकार आहेत आणि प्रत्येकाची एक गोची आहे.

सगळ्यात साधा प्रकार म्हणजे कुणाला तरी मनापासून वाटलं म्हणून. टक्सपेंट, लहान मुलांचं चित्र काढायचं सॉफ्टवेअर, बिल केंड्रिक यांनी २००२ मध्ये सुरू केलं आणि ते आजही स्वयंसेवकांच्या बळावर चालू आहे, मला याचं खरंच कौतुक वाटतं. जीकॉम्प्री तसंच, २००० मध्ये ब्रुनो कुदाँ यांनी फ्रान्समध्ये सुरू केलेलं, छोट्या मुलांसाठी गणित-अक्षरं-कोडी यांचे ढीगभर खेळ. त्यांनी मधल्या काळात एक गमतीशीर प्रयोग केला होता, लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या ओपन सोर्स सिस्टिमवर, सगळं मोफत पण विंडोजवर थोडेच खेळ उघडे आणि बाकीच्यांसाठी थोडे पैसे भरून कोड घ्यायचा. कोड तर उघडाच, म्हणजे ज्याला येतं तो स्वतः बनवून घेऊ शकतो, पण जो बनवणार नाही त्याने तयार वस्तूचे पैसे द्यावेत. ओपन सोर्समध्ये हे पूर्णपणे चालतं, लायसन्स विकायला मनाई करतच नाही, ही गोष्ट लोकांना सांगितली की ते दचकतात. पुढे २०२० च्या सुमारास त्यांनी ते कुलूपही काढलं आणि सगळीकडे पूर्ण मोफत केलं, आता केडीई या मोठ्या समुदायाच्या छायेत ते चालतं.

दुसरा प्रकार मूडलचा, आणि माझ्या मते शाळांच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात जास्त विचार करून बसवलेला. मूडल म्हणजे ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर, धडे, गृहपाठ, परीक्षा, गुण सगळं एका जागी. ते सुरू करणारे मार्टिन डुगियामस ऑस्ट्रेलियाच्या आडरानात वाढले, त्यांची शाळा रेडिओवर भरायची आणि अभ्यासाचं सामान विमानाने यायचं, त्यामुळे लांबून शिकणं म्हणजे काय हे त्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती. २००२ च्या ऑगस्टमध्ये मूडलची पहिली पूर्ण आवृत्ती आली. कोड मोफत, कुणीही उतरवून स्वतःच्या सर्व्हरवर टाका. पण मूडल हे नाव ट्रेडमार्क आहे, आणि ते नाव लावून सेवेचा धंदा करायचा, म्हणजे होस्टिंग, ट्रेनिंग, बदल करून देणं, तर तुम्हाला अधिकृत पार्टनर व्हावं लागतं आणि त्या कमाईतला साधारण १० टक्के हिस्सा मूळ कंपनीकडे जातो. त्यातून कायमचे डेव्हलपर पगारावर ठेवता येतात. कोड सगळ्यांचा, नाव आपलं, आणि पैसा नावावर. एकदम हुशार.

पण तेही पुरतंच असं नाही, २०१७ मध्ये मूडलने डेकॅथलॉनवाल्या लेक्लेर्क कुटुंबाच्या गुंतवणूक कंपनीकडून ६० लाख अमेरिकन डॉलर घेतले. आणि आणखी एक छुपं भोक आहे या रचनेला. जी शाळा स्वतःच मूडल टाकते, कुठल्याही छोट्या-मोठ्या होस्टिंगवाल्याकडे, मूडल हे नाव न मिरवता, तिच्याकडून वर काहीच जात नाही, म्हणजे आमच्यासारखे सगळे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसे आम्ही वर्षानुवर्षं बसलो होतो, आणि वरून फीचर नाही म्हणून तक्रारीही करत होतो.

तिसरा प्रकार ग्रँट. एखादी मोठी संस्था दोन-तीन वर्षांसाठी भरघोस पैसे देते. साकाई नावाचं मूडलसारखंच सॉफ्टवेअर २००४ मध्ये असंच सुरू झालं, मेलन फाउंडेशनचे पैसे आणि मिशिगन, इंडियाना, एमआयटी, स्टॅनफर्ड अशी तगडी विद्यापीठं. इंटरनेट नसलेल्या शाळांसाठीचं कोलिब्रीसुद्धा मुख्यतः संस्थांच्या देणग्यांवर उभं आहे. ग्रँटने नवीन गोष्ट जन्माला येते यात वाद नाही. पण ग्रँटच्या अर्जात लिहायचं असतं नवीन काय करणार, किती मुलांपर्यंत पोचणार, वेगळं काय. "गेल्या ग्रँटमध्ये जे बनवलं ते पुढची पाच वर्षं चालू ठेवणार" असं लिहून बघा कुणी पैसे देतं का. मग होतं काय, की जुनं सांभाळायला पैसे हवेत म्हणून माणसं नवीन कल्पना रचतात, त्या नव्याचे पैसे आले की त्यातून चोरून थोडं जुनं सांभाळतात, आणि आता सांभाळायच्या दोन गोष्टी झाल्या. नव्याचे नऊ दिवस, आणि दहाव्या दिवशी परत अर्ज.

साकाईवाल्यांनी त्यातून वाट काढली ती सभासदत्वाची. जी विद्यापीठं वापरतात त्यांनी दरवर्षी वर्गणी द्यायची आणि शिवाय स्वतःचे काही प्रोग्रामर या कामाला लावायचे. २०१२ मध्ये साकाई फाउंडेशन आणि जासिग या दोन संस्था एक होऊन अपेरिओ फाउंडेशन झालं. वर्गणी हा प्रकार कंटाळवाणा असतो, पण दरवर्षी येतो, आणि मेंटेनन्सला नेमकं तेच लागतं. अडचण एवढीच की विद्यापीठाकडे प्रोग्रामर असतात. शाळेकडे असतो एक कॉम्प्युटरचा शिक्षक, जो प्रिंटर पण बघतो.

चौथा प्रकार मला सगळ्यात जवळचा वाटतो, कोहाचा. कोहा हे लायब्ररीचं सॉफ्टवेअर, शाळेच्या छोट्या लायब्ररीपासून विद्यापीठापर्यंत कुठेही चालतं. न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल लागलं की तारखांमुळे कोलमडणार होतं, नवीन विकत घ्यायचं तर त्यांच्या खेडवळ भागातल्या टेलिफोनच्या तारांना ते झेपणारं नव्हतं, मग त्यांनी कातिपो नावाच्या एका छोट्या कंपनीला पैसे देऊन स्वतःचं बनवून घेतलं आणि ते ३ जानेवारी २००० ला चालू झालं. पुढची गंमत अशी की त्यांनी ते उघडं करून टाकलं. तेव्हापासून तिथली रीत अशी पडली आहे की ज्या लायब्ररीला एखादी सोय हवी ती लायब्ररी एखाद्या डेव्हलपरला तेवढ्या कामाचे पैसे देते, ती सोय बनते, मुख्य कोडमध्ये जाते, आणि मग सगळ्यांना मिळते. आज मी दंडाच्या पावतीचे पैसे दिले, उद्या तू बारकोडचे दे. कोहा या माओरी शब्दाचा अर्थच भेट, पण अशी भेट की जिच्यामागे परतफेड कधीतरी होणार हे दोघांनाही माहीत असतं. नाव ठेवणाऱ्याने काय नेमकं ठेवलंय.

या प्रकाराची गोची म्हणजे सोयीला गिऱ्हाईक मिळतं, साफसफाईला मिळत नाही. प्रत्येक लायब्ररी आपापली खिडकी बसवून घेते, पाया बघायला पैसे कुणी द्यायचे? म्हणून तिथे काम घेणाऱ्या कंपन्या आपल्या सपोर्टच्या कमाईतून काही तास त्या साफसफाईला देतात. आणि नावाचं भांडण कोहालाही चुकलं नाही, २०११ मध्ये न्यूझीलंडमध्ये एका अमेरिकन कंपनीला कोहा हे नाव ट्रेडमार्क म्हणून मंजूर व्हायची वेळ आली, तेव्हा त्या ट्रस्टने कायदेशीर लढाईसाठी जगभरातल्या लोकांकडे मदत मागितली आणि लोकांनी दिली. कोड उघडा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, नाव कुणाच्या मालकीचं आहे हेही बघा.

मग सरकार. नॉर्वेत २००१ मध्ये स्कोलेलिनक्स सुरू झालं, शाळेचं आख्खं नेटवर्क एका सीडीतून उभं करायचं, आणि ते डेबियन नावाच्या लिनक्समध्ये मिसळून डेबियन एड्यू म्हणून आजही आहे. केरळमध्ये त्याच सुमारास आयटी ॲट स्कूल सुरू झालं, आता त्याची काइट नावाची सरकारी कंपनी झाली आहे, शाळांसाठी स्वतःचं लिनक्स बनवते आणि शिक्षकांमधूनच मास्टर ट्रेनर तयार करते. जिनिव्हाच्या शिक्षण खात्याने ओपनबोर्ड हे डिजिटल फळ्याचं सॉफ्टवेअर असंच हातात घेतलं. या तिन्हीत मला दिसणारी समान गोष्ट म्हणजे पगारावरची माणसं. सॉफ्टवेअरला देणगी दिली असं कुणी म्हणत नाही, पण सांभाळणाऱ्याचा पगार दर महिन्याला कुठून तरी निघतो, आणि तो निघतो आहे तोवर प्रकल्प जिवंत राहतो. धोका हाच की अधिकारी बदलला, धोरण बदललं, की एका सहीत सगळं बंद होऊ शकतं. एडुबंटू हे शाळांसाठीचं लिनक्स २०१४ च्या आवृत्तीनंतर थांबलं ते २०२३ मध्येच परत आलं, आणि तेही सरकारी नव्हतं, माणसं कमी पडली एवढंच कारण पुरलं.

शेवटचा प्रकार कंपनीने विकत घेणं. जिओजिब्रा, गणिताच्या शिक्षकांचं लाडकं, मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठात शिकताना सुरू केलेलं. २०२१ मध्ये ते बायजूजने घेतलं, आणि बायजूज स्वतः २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जिओजिब्राचं लायसन्स नीट वाचा, कोडला एक अट आणि तयार इन्स्टॉलर, भाषांतरं वगैरेंना दुसरी, फक्त बिनव्यावसायिक वापरासाठी. याउलट एडेक्स घ्या, एमआयटी आणि हार्वर्डचं ऑनलाइन कोर्सेसचं व्यासपीठ, तेही २०२१ मध्ये २यू कंपनीला ८० कोटी डॉलरना गेलं आणि ती कंपनीसुद्धा २०२४ मध्ये दिवाळखोरीत आली, पण त्या विक्रीच्या पैशातून एक ना-नफा संस्था मागे ठेवली होती आणि ओपन एडेक्सचा कोड तिच्याकडे राहिला. दोन्हीकडे वेबसाइट चालूच राहिली हे खरं, तरी दुसऱ्या प्रकारात मला रात्री झोप बरी लागेल.

आणि सगळंच फिसकटलं तर? तर फोर्क. म्हणजे तोच कोड घेऊन दुसऱ्या नावाने वेगळा संसार थाटायचा. बेल्जियममधल्या क्लॅरोलाइन या मूडलसारख्याच सॉफ्टवेअरमधून २००४ मध्ये डोकिओस निघालं आणि डोकिओसमधून २०१० मध्ये शॅमिलो, दुसऱ्या वेळी कारभार कसा चालावा यावरून मतभेद. फोर्क हा विमा आहे असं लोक म्हणतात, बरोबर आहे, पण विम्याचा दावा मंजूर व्हायला तिथे चार प्रोग्रामर लागतात. आमच्या प्लगिनचा फोर्क करायला आम्हाला कुणी अडवलं नव्हतं. करणार कोण होतं?

आता शाळेच्या बाजूने बघू, कारण इथे एक अडथळा आहे जो प्रोग्रामर लोकांना कधीच समजत नाही. शाळा सहसा देणगी देऊ शकत नाही. देणगी घेणं हे शाळेचं काम, देणं नाही, आणि ऑडिटर विचारणार की जी गोष्ट फुकट मिळते तिला पैसे का दिले, यावर काय उत्तर देणार? पण शाळा सेवा विकत घेऊ शकते. तेच पैसे, तोच माणूस, फक्त कागदावर "देणगी" ऐवजी "वार्षिक सपोर्ट" किंवा "सभासद शुल्क" किंवा "अमुक सुधारणा करून देणे" असं बिल असलं की अकाउंट्सवाले काही बोलत नाहीत. प्रकल्प चालवणाऱ्यांनी हे ओळखून अशी बिलं द्यायची सोय केली ना, तर निम्मा प्रश्न सुटेल असं मला वाटतं. बऱ्याच प्रकल्पांकडे तर बँकेत खातंच नसतं, कारण कायद्याच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नसतात, चार देशांतली पाच माणसं एवढाच तो प्रकल्प. त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी, ओपन कलेक्टिव्हसारखी व्यवस्था असते, ती त्यांच्या नावाने पैसे घेते, पावती देते, हिशोब ठेवते. शुगरवाले अशाच छत्राखाली बरीच वर्षं होते.

दुसरं म्हणजे एकट्या शाळेने काही होत नाही. एका प्रोग्रामरचा पगार एका शाळेला झेपणार नाही, पण पन्नास शाळांनी मिळून दिला तर प्रत्येकीच्या वाट्याला पन्नासावा हिस्सा येतो, आणि तो बहुतेक ठिकाणी जुन्या लायसन्सच्या खर्चापेक्षा कमीच भरेल. हे गणित पाचवीतल्या मुलाला येतं, अवघड आहे ते पन्नास मुख्याध्यापकांना एका कागदावर सह्या करायला लावणं. त्यातल्या त्यात जिथे शाळांचा आधीच काही संघ आहे, एकच संस्था आहे, एकच बोर्ड आहे, तिथे सुरुवात करावी.

आणि पैशांशिवाय? त्याबद्दल थोडक्यात, कारण याच्यावर खूप गोड गोड लिहिलं जातं. भाषांतर करणं ही खरीच मोठी मदत आहे, जीकॉम्प्रीसारख्या खेळात आवाज आणि शब्द आपल्या भाषेत नसतील तर लहान मुलाला त्याचा उपयोगच नाही, आणि हे काम त्या भाषेतला शिक्षकच करू शकतो. बग कळवणंही मदत आहे, पण नीट. "चालत नाही" हा बग रिपोर्ट नव्हे. कुठली आवृत्ती, कशावर क्लिक केलं, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं, एवढं लिहिलं तर त्या माणसाचा एक तास वाचतो. बाकी "आमची मुलं ओपन सोर्समध्ये योगदान देतील" वगैरे घोषणा ऐकल्या की मला त्या मेंटेनरची दया येते, तीस मुलांनी एकाच दिवशी पाठवलेले अर्धवट बदल तपासायला त्यालाच रात्री बसावं लागतं.

निवडतानाच थोडं बघून घेतलं तर पुढचा बराच त्रास वाचतो. शेवटची आवृत्ती कधी आली. गेल्या वर्षभरात कोड बदलणारी माणसं किती, एकच असेल आणि त्याला उद्या दुसरं काम लागलं तर काय. कुणी प्रश्न विचारला की उत्तर येतं का आणि किती दिवसांनी. आपला डेटा, म्हणजे मुलांचे गुण आणि हजेरी, साध्या फाइलमध्ये बाहेर काढता येतो का, हे तर पहिल्याच दिवशी करून बघा, तहान लागल्यावर विहीर खणू नका. आणि काही सॉफ्टवेअरमध्ये पाया उघडा पण चांगल्या सोयी पैसे देऊन, याला ओपन कोअर म्हणतात, त्यात वाईट काही नाही, फक्त आज मोफत असलेली सोय उद्या कुंपणापलीकडे जाऊ शकते हे धरून चाला.

आमच्या प्लगिनचं पुढे काय झालं ते राहिलंच. आम्ही आणखी सहा शाळा शोधल्या, त्याच प्लगिनवर अडकलेल्या, आणि त्या मूळ माणसालाच लिहिलं की पैसे दिले तर महिन्यातले काही तास देशील का. तो म्हणाला मी नाही, पण एक जण आहे जो आधीपासून छोटे बदल पाठवायचा, त्याला विचारा. त्याने तीन आठवड्यांत ते नव्या आवृत्तीवर चालू करून दिलं. बिल आलं, मी अकाउंट्सला नेऊन दिलं, त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे पुढच्या वर्षी पण लागणार का?"

मी म्हटलं, हो, दरवर्षी.

त्यांनी मान हलवली आणि "सॉफ्टवेअर – मोफत" असं जे जुनं हेड होतं त्याच्या खाली पेन्सिलने एक ओळ वाढवली. पेननं नाही, पेन्सिलने.